अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास जागेवर जाऊन कसा बघावा

माझं बालपण साताऱ्यात गेलं. सुट्टीच्या दिवशी बाबा आम्हा भावंडांना अजिंक्यताऱ्यावर न्यायचे, एखाद्या पडक्या जोत्यावर बसवायचे आणि विचारायचे, "इथे राहणाऱ्या माणसाला सकाळी दार उघडल्यावर काय दिसत असेल?" चूक-बरोबर असं काही नसायचं. पण उत्तर शोधताना आम्ही पाणी कुठे आहे ते बघायचो, वाट कुठून वर येते ते बघायचो, वारा कुठून लागतो ते बघायचो. पुढे नोकरीनिमित्त न्यू जर्सीत आले, तेव्हा तो प्रश्न माझ्यासोबत आला. आज 22 वर्षं झाली, सवड मिळेल तेव्हा मी इथल्या जुन्या जागा बघत फिरते आहे आणि अजून मन भरलेलं नाही.

इथे नव्याने आलेले ओळखीचे लोक विचारतात, "आम्हालाही बघायचंय, पण सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सुरुवातीचा इतिहास म्हणजे मी साधारण 1607 ते 1800 एवढा काळ धरते: इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत, जेम्सटाउन, इथपासून ते देशाचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्या मृत्यूपर्यंत. त्याआधी इथे हजारो वर्षं माणसं राहत होती, त्यांच्याबद्दलही पुढे येईल.

बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा: एका दिवशी एकच जागा. आपण लोक सहलीला निघालो की सकाळी एक, दुपारी दोन आणि संध्याकाळी परतताना अजून एक असं करतो. मग फोटो राहतात आणि जागा डोक्यातून निघून जाते.

पायरी 1: घरापासून तासा-दीड तासावरची जागा निवडा

पहिल्याच वेळी मोठ्या नावामागे धावू नका. जवळची जागा असली की घाई होत नाही, आणि पुन्हा जाता येतं. दुसऱ्यांदा गेल्यावर जी दिसते तीच खरी जागा, असा माझा अनुभव आहे.

एडिसन, प्रिन्स्टन या भागात राहत असाल तर प्रिन्स्टनचं रणांगण घ्या. 3 जानेवारी 1777 ला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या आणि इंग्रजांच्या सैन्यांत इथे लढाई झाली. बघायला काय आहे? एक मोठं गवताळ मैदान आणि एक पांढरं घर. वॉशिंग्टनचा जनरल ह्यू मर्सर या मैदानात संगिनींच्या घावांनी पडला आणि नऊ दिवसांनी या क्लार्क हाउसमध्ये वारला. घर बंद असलं तरी मैदानात फिरता येतं. उत्तरेकडे मॉरिसटाउन आहे. 1779-80 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या सैन्याने जॉकी हॉलो इथे लाकडी झोपड्या बांधून दिवस काढले. फिलाडेल्फियाजवळचं व्हॅली फोर्ज, या सैन्याचा त्याआधीचा एक हिवाळी तळ, जास्त प्रसिद्ध आहे, पण थंडी आणि बर्फ यांचा विचार केला तर मॉरिसटाउनचा हिवाळा त्याहून कठीण होता.

बॉस्टनकडे असाल तर कॉन्कॉर्डचा नॉर्थ ब्रिज, जिथे युद्धाच्या पहिल्याच दिवशी चकमक झाली तो पूल. वॉशिंग्टन डीसी किंवा उत्तर व्हर्जिनियात असाल तर माउंट व्हर्नन, म्हणजे वॉशिंग्टनचं घर, किंवा ॲनॅपोलिस. फ्लोरिडात असाल तर सेंट ऑगस्टीन. ही वसाहत स्पॅनिश लोकांनी 1565 मध्ये वसवली, म्हणजे माझ्या 1607 च्या रेघेच्याही आधी. तिथला कास्तिल्यो दे सान मार्कोस हा किल्ला मात्र आपल्या माणसांनी बघायलाच हवा. त्याचं बांधकाम 1672 मध्ये सुरू झालं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी. चार टोकांना चार बुरूज, भोवती खंदक. दगड मात्र आपल्या काळ्या पाषाणासारखा नाही. समुद्राचे शिंपले एकमेकांना चिकटून तयार झालेला कोकिना नावाचा दगड आहे. जवळून पाहिलंत तर भिंतीत शिंपल्यांचे तुकडे वेगवेगळे ओळखू येतात. दगड इतका मऊ की तोफगोळा आदळला तरी भिंत फुटायची नाही, गोळाच आत रुतून बसायचा. 1702 मध्ये इंग्रजांनी वेढा घातला, गाव जाळलं, पण किल्ला त्यांच्या हाती लागला नाही.

कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी एकच मोठी सहल करावी: व्हर्जिनियातला जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग, यॉर्कटाउन हा त्रिकोण. तिन्ही गावं 23 मैलांच्या कलोनियल पार्कवेने जोडलेली आहेत. तीन गावं, तीन दिवस.

पायरी 2: तारखा आपल्या खुंट्यांना टांगा

ही माझी सर्वांत आवडती पायरी आहे आणि हिच्यासाठी फक्त एक वही लागते. पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे "इकडे", उजवीकडे "तिकडे" असं लिहा. जाण्याआधी त्या जागेची तारीख इकडे लिहा आणि त्याच सुमारास महाराष्ट्रात काय चाललं होतं ते तिकडे.

परक्या इतिहासातल्या तारखा पाठ होत नाहीत, कारण त्यांना टांगायला खुंटी नसते. आपल्याकडे खुंट्या भरपूर आहेत. बॉस्टन शहर वसलं 1630 मध्ये, शिवाजी महाराजांचा जन्म त्याच वर्षीचा. पानिपत 14 जानेवारी 1761 चं. पुढच्याच महिन्यात बॉस्टनच्या टाउन हाउसमध्ये, म्हणजे आज ज्याला ओल्ड स्टेट हाउस म्हणतात तिथे, जेम्स ओटिस या वकिलाने इंग्रज सरकारच्या घरझडतीच्या अधिकाराविरुद्ध काही तास भाषण केलं. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी 16 डिसेंबरला बॉस्टनच्या धक्क्यावर चहाच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या.

त्या चहाबद्दल थोडं सांगते. आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं की तो चहा भारतातला होता. तो चीनचा होता. आसामातल्या चहाच्या लागवडीला तोवर बराच अवकाश होता. पण मालक होती ईस्ट इंडिया कंपनी, आणि ती कर्जात बुडाली होती. 1770 च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला होता, कंपनीचं उत्पन्न घटलं होतं आणि तिच्या गोदामांत चहा पडून होता. तो चहा अमेरिकेत खपवून कंपनीला वाचवावं म्हणून इंग्लंडच्या संसदेने कायदा केला आणि बॉस्टनकरांनी पेट्या फोडल्या. बॉस्टनच्या ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये, जिथून ते लोक धक्क्याकडे निघाले, तिथल्या बाकावर बसून मी दर वेळी बंगालच्या त्या उपाशी माणसांची आठवण काढते. दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या जमाखर्चातल्या आहेत.

अमेरिकेची स्वातंत्र्याची लढाई 1775 ते 1783 आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध 1775 ते 1782. एकाच वेळी इंग्रज दोन्हीकडे लढत होते. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात तुमच्यापैकी कितीतरी जण जात असतील. तिथून काही मैलांवर समरव्हिलमध्ये वॉलेस हाउस नावाचं घर आहे. 1778 च्या डिसेंबरपासून 1779 च्या जूनपर्यंत वॉशिंग्टनचा मुक्काम या घरात होता आणि त्याचं सैन्य जवळच मिडलब्रूकला होतं. त्याच जानेवारीत महादजी शिंदे आणि तुकोजी होळकरांच्या फौजांनी इंग्रजांना वडगावला कोंडून तह करायला लावला. हे दोन कप्पे वहीत शेजारी-शेजारी लिहिले, त्या दिवसापासून समरव्हिल माझ्यासाठी नुसतं वाटेवरचं गाव राहिलं नाही.

आणि यॉर्कटाउन! 19 ऑक्टोबर 1781 ला लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने तिथे शरणागती पत्करली. तो स्वतः आजारपणाचं कारण सांगून आला नाही, तलवार देऊन दुसऱ्याला पाठवलं. तिथे आता सरेंडर फील्ड म्हणतात ते मोकळं रान आहे. शांत, वाऱ्याने हलणारं गवत. बहुतेक पर्यटकांसाठी कॉर्नवॉलिसची गोष्ट इथे संपते. आपल्यासाठी इथे सुरू होते. पाच वर्षांत तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. 1792 मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध तो उभा होता, तेव्हा त्याच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा होत्या. 1793 मध्ये त्याने बंगालात कायमधारा, म्हणजे जमिनीचा कायमचा ठरलेला सारा, लावला. 1805 मध्ये गाझीपूरला वारला, त्याची कबर तिथेच आहे. यॉर्कटाउनच्या त्या रानात उभं राहून हरिपंतांना भेटलेल्या माणसाचा विचार करता येतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

उलट बाजूचीही एक नोंद करून ठेवा. 1782 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नाव होतं "हैदर अली". इंग्रजांशी लढणारा तो आपला, एवढ्या भावनेतून फिलाडेल्फियाच्या लोकांनी म्हैसूरच्या हैदरचं नाव जहाजाला दिलं होतं.

पायरी 3: पास आणि तिकिटं

जागा कोणाच्या ताब्यात आहे हे आधी बघा, कारण पैशांचा सगळा हिशोब त्यावर असतो. नॅशनल पार्क सर्व्हिसकडे असलेल्या बऱ्याच ऐतिहासिक जागांना तिकीट नाही: व्हॅली फोर्ज, कॉन्कॉर्डचा नॉर्थ ब्रिज, फिलाडेल्फियाची लिबर्टी बेल. सान मार्कोसचा किल्ला आणि यॉर्कटाउनचं रणांगण यांना तिकीट आहे, पण तिथे 80 डॉलरचा वार्षिक पास चालतो. हा दर अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांचे दर वेगळे असू शकतात, तेव्हा निघण्याआधी तपासा. जेम्सटाउनच्या बेटावर पास असला तरी थोडे पैसे वेगळे द्यावे लागतात, कारण बेटाचा एक भाग खासगी संस्थेचा आहे. माउंट व्हर्नन, माँटिसेलो (जेफरसनचं घर), विल्यम्सबर्ग या तर पूर्णच खासगी संस्थांच्या जागा. तिथे सरकारी पास चालत नाही आणि तिकिटं महाग आहेत. विल्यम्सबर्गच्या रस्त्यांवर मात्र तिकिटाशिवाय फिरता येतं. तिकीट लागतं ते इमारतींच्या आणि कारखान्यांच्या आत जायला.

फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलसाठी, जिथे स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं. तिकीट फुकट, आरक्षणाचा एक डॉलर. उन्हाळ्यात ते लवकर संपतात, म्हणून प्रवासाची तारीख ठरली की आधी हे काम करा. आत जाताना सामानाची तपासणी होते, वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा.

पार्क सर्व्हिसच्या जागी शिक्क्यांची एक छोटी पासपोर्ट पुस्तिका मिळते. प्रत्येक व्हिजिटर सेंटरमध्ये तारखेचा शिक्का ठेवलेला असतो, तो आपण स्वतःच मारायचा. लहान मुलांना घेऊन जात असाल तर ज्युनिअर रेंजरची वही मागून घ्या. त्यातले प्रश्न मोठ्यांनाही सुटता सुटत नाहीत, आणि मुलं ते सोडवण्यासाठी प्रत्येक पाटी वाचतात.

पायरी 4: पूर्ण नाव आणि पत्ता तपासा

पहिल्यांदा जेम्सटाउनला गेलो तेव्हा सासरे सोबत होते. गवताने शाकारलेल्या झोपड्या, लाकडी कुंपण, धक्क्यावर तीन जहाजं. खूप छान वाटलं. दुपारी डबा खाताना अण्णांनी विचारलं, "हीच का ती जागा?" मी तिथल्या एका कर्मचाऱ्याला विचारलं, तेव्हा कळलं की हे राज्य सरकारचं संग्रहालय, जेम्सटाउन सेटलमेंट. जहाजं आणि झोपड्या नव्याने बनवलेल्या. मूळ जागा जवळच्या बेटावर, तिचं नाव हिस्टॉरिक जेम्सटाउन. तोपर्यंत परतायची वेळ झाली होती. अण्णांना ती जागा दाखवायची राहून गेली ती राहूनच गेली.

म्हणून सांगते, नकाशात नाव टाकताना पूर्ण नाव टाका. संग्रहालयही चांगलंच आहे, पण ते दुसऱ्या दिवसासाठी.

बेटावर मी नंतर सहा वेळा गेले. 1607 मध्ये 104 पुरुष आणि मुलगे इथे उतरले. त्यांचा तिकोनी किल्ला नदीत वाहून गेला असं सगळे धरून चालले होते. 1994 मध्ये पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी खणायला सुरुवात केली आणि किल्ला जमिनीतच सापडला. अजूनही खोदकाम चालू आहे. दोरी लावलेल्या खड्ड्याच्या कडेला उभं राहून तुम्ही ते बघू शकता. एकदा तिथल्या मुलीने मला खुणेने जवळ बोलावून खड्ड्याचा तळ दाखवला. पिवळट मातीत ओळीने गडद गोल डाग होते, साधारण ताटलीएवढे. "हे खांब," ती म्हणाली. लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं, पण खांब जिथे उभा होता तिथली माती चारशे वर्षांनंतरही वेगळ्या रंगाची राहिली होती. त्या डागांच्या रेषेवरून तट कुठून कुठे गेला होता ते कळलं. पुढे त्याच रांगेत आज नवे लाकडी खांब उभे केलेले दिसतात.

1609-10 च्या हिवाळ्यात इथली बहुतेक माणसं उपासमारीने मेली, सुमारे 60 उरली. बेट बघताना हे मनात ठेवा: चारही बाजूंना पाणी, पण उन्हाळ्यात ते मचूळ. बाबांचा प्रश्न इथे विचारून बघा.

आणि एक नाव वहीत लिहा. 1635 च्या व्हर्जिनियाच्या नोंदीत जॉर्ज मेनेफी नावाच्या जमीनमालकाने आणवलेल्या माणसांच्या यादीत "टोनी, ईस्ट इंडियन" असा एक जण आहे. एवढीच नोंद. आपल्यातला कोणीतरी त्या काळी इथे येऊन पोहोचला होता.

पायरी 5: "यातलं मूळ काय आहे?" हे विचारा

रायगडावर आपण जोती बघतो आणि वर वाडा कल्पनेने उभा करतो. अमेरिकेत उलट असतं, वाडा उभा असतो आणि तो जुना आहे की नवा ते विचारावं लागतं. विल्यम्सबर्ग ही 1699 ते 1780 व्हर्जिनियाची राजधानी होती. 1926 पासून धर्मगुरू गुडविन यांच्या आग्रहाने आणि रॉकफेलर यांच्या पैशांनी ती पूर्ववत करण्यात आली. ब्रूटन पॅरिश चर्च मूळचं आहे, 1715 मधलं. गव्हर्नरचा राजवाडा मात्र 1781 मध्येच जळाला होता, आज दिसतो तो 1930 च्या दशकात पुन्हा बांधलेला. दोन्ही बघण्यासारखे आहेत, पण काय बघतोय ते माहीत हवं.

इंडिपेंडन्स हॉलच्या सभागृहातही रेंजरला हाच प्रश्न विचारा. बहुतेक टेबल-खुर्च्या त्या काळातल्या आहेत, पण त्या खोलीतल्या नाहीत. अध्यक्षांची खुर्ची मात्र खरी आहे. 1787 मध्ये राज्यघटना तयार होत असताना वॉशिंग्टन तिच्यावर बसत होता. पाठीच्या वरच्या टोकाला अर्धा सूर्य कोरलेला आहे. हा सूर्य उगवतोय की मावळतोय हे मला इतके दिवस कळत नव्हतं, आता कळलं की उगवतोय, असं सह्या होत असताना म्हातारे बेंजामिन फ्रँकलिन म्हणाले होते. खोली लहान आहे, माणसं मागच्या कठड्यापाशी उभी असतात. पुढे सरकायला मिळालं तर फक्त तो सूर्य बघा, बाकी सगळं पुस्तकांत मिळतं.

तिथून चालत फ्रँकलिन कोर्टला जा. फ्रँकलिनचं घर केव्हाच पाडलेलं. ते नेमकं कसं दिसत होतं याची खात्रीची माहिती नव्हती, म्हणून 1976 मध्ये तिथे पोलादी पट्ट्यांची नुसती चौकट उभी केली: घराची बाह्यरेषा, आत आकाश. माहीत नाही तिथे मोकळी जागा सोडायची, हा प्रामाणिकपणा मला सगळ्या राजवाड्यांपेक्षा मोठा वाटतो. आपल्या किल्ल्यांवर काही पुन्हा बांधायचा विषय निघतो तेव्हा ही चौकट माझ्या डोळ्यांपुढे येते.

माउंट व्हर्ननला गेलात तर वॉशिंग्टनच्या घराची बाहेरची भिंत नीट बघा. लांबून दगडी वाटते. जवळ गेल्यावर कळतं की त्या पाइनच्या फळ्या आहेत, कडा तासून दगडाच्या चिऱ्यांसारख्या केलेल्या. ओल्या रंगावर वाळू फेकलेली, त्यामुळे पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत दिसतो. आत मधल्या दालनात पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगाची किल्ली टांगलेली आहे, युद्धात वॉशिंग्टनच्या बाजूने लढलेल्या फ्रेंच लाफायेतने पाठवलेली. हे घर वाचवलं ते बायकांनी. ॲन पामेला कनिंगहॅम यांनी 1853 मध्ये संस्था काढली, देशभरातल्या बायकांनी पैसे गोळा केले आणि 1858 मध्ये घर विकत घेण्याचा करार केला. आजही तीच संस्था ते सांभाळते.

वॉशिंग्टन 14 डिसेंबर 1799 ला याच घरात गेला. तीन महिन्यांनी, 13 मार्च 1800 ला, पुण्यात नाना फडणवीस गेले. वहीत हे शेजारी-शेजारी लिहा.

पायरी 6: पाटीवर जी माणसं नाहीत, ती शोधा

1799 मध्ये माउंट व्हर्ननवर 317 गुलाम माणसं होती. त्यांतली 123 वॉशिंग्टनच्या मालकीची, आणि त्यांच्या मुक्ततेची तरतूद त्याने मृत्युपत्रात केली. बाकीची बहुतेक पत्नीच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीची, ती सुटली नाहीत. ती तासलेली फळी कोणी तासली असेल, वाळू कोणी फेकली असेल, हा प्रश्न भिंतीपाशीच विचारायचा. मग त्यांच्या राहण्याच्या खोल्या बघा आणि थडग्यापलीकडच्या झाडीतल्या त्यांच्या दफनभूमीपर्यंत चालत जा. तिथे गर्दी नसते.

फिलाडेल्फियात लिबर्टी बेलच्या दारातच, वॉशिंग्टन अध्यक्ष असताना राहायचा त्या घराची जागा आहे. तिथे त्याने नऊ गुलाम ठेवले होते. त्यांतली ओना जज 1796 मध्ये घरची मंडळी जेवायला बसली असताना निघून गेली आणि पुन्हा कधीच हाती लागली नाही. घंटेवरची स्वातंत्र्याची ओळ आणि ओनाचं दार यांत काही पावलांचं अंतर आहे. विल्यम्सबर्गमध्ये तर अठराव्या शतकात निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची होती.

मासाचुसेट्समधल्या प्लिमथलाही हेच. 1620 मध्ये इंग्रज इथे वस्तीला आले. तिथला दगड पाहून लोक हिरमुसतात, कारण तो खरंच लहान आहे, वर 1620 कोरलेलं. दगडावर वेळ घालवू नका. मागच्या कोल्स हिलवर चढा. तिथल्या एका पाटीवर लिहिलंय की 1970 पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मूळ रहिवासी इथे शोकदिन पाळतात. मग प्लिमथ पटक्सेट संग्रहालयात जा. इंग्रजांच्या खेड्यातली माणसं सतराव्या शतकातली भूमिका करत बोलतात. वाम्पानोआग वस्तीतली माणसं मात्र भूमिका करत नसतात. ती आजची मूळनिवासी माणसं आहेत आणि आजच्या भाषेत आपल्या पूर्वजांबद्दल सांगतात. त्यांच्याशी घरी आलेल्या वडीलधाऱ्यांशी बोलावं तसं बोला. पोशाखाला "कॉश्च्युम" म्हणू नका, आणि फोटोआधी विचारा.

पायरी 7: बोलतं करा

विल्यम्सबर्गच्या लोहाराच्या, चाकं बनवणाऱ्याच्या कारखान्यात पोशाख घातलेली माणसं नुसती दाखवण्यापुरती नसतात, ती अनेक वर्षं उमेदवारी करून हा धंदा शिकलेली असतात. "हे कधीचं?" असं विचारलं तर एका वाक्यात उत्तर मिळतं. "हे बिघडलं कसं ओळखता?" असं विचारा, ती हातातलं काम थांबवून दाखवतात. मी चाकवाल्याला आमच्या गावच्या सुताराची बैलगाडीच्या चाकावर तापवलेली धाव चढवायची रीत सांगितली. त्याने मला आत बोलावून त्याची धाव दाखवली. रीत तीच होती: लोखंड तापवायचं, चढवायचं, पाणी ओतायचं.

मासाचुसेट्समध्ये सेलमला गेलात तर (1692 च्या चेटकीण खटल्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे) चेटकिणींच्या दुकानांतून पुढे डर्बी धक्क्यावर या. इथली जहाजं मुंबई, सुरत, मद्रास, कलकत्त्याला जायची. इथल्याच टॅबरनॅकल चर्चमध्ये 6 फेब्रुवारी 1812 ला काही तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईला पोहोचले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. 1842 मध्ये अहमदनगरहून निघालेलं "ज्ञानोदय" हे त्याच मिशनचं. ठरवलेल्या काळाच्या थोडं पुढचं आहे हे, पण वगळवलं नाही.

पायरी 8: आई-बाबा सोबत असतील तर

बॉस्टनमधल्या बंकर हिलच्या मनोऱ्याला 294 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. बॉस्टनचा फ्रीडम ट्रेल, जुन्या जागा जोडणारी पायवाट, अडीच मैल, एका दमात करू नका, दोन सकाळी करा. माउंट व्हर्ननचा परिसर चढ-उताराचा आहे. जेम्सटाउनचं बेट सपाट, गुडघ्यांना बरं. व्हर्जिनियात जुलै-ऑगस्टमध्ये कोकणातल्या मे महिन्यासारखा घाम येतो. एप्रिल किंवा ऑक्टोबर धरा. रणांगणांवर गवतात शिरलात तर पायमोजे पँटवर ओढा आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड नाही ना ते तपासा. इथल्या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो. शाकाहारी माणसांनी खाण्याची भिस्त तिथल्या हॉटेलांवर ठेवू नये. दशम्या आणि चटणी घ्या.

जाण्याआधी एखादं पत्र वाचा. फाउंडर्स ऑनलाइन या सरकारी संकेतस्थळावर वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन, फ्रँकलिन यांची हजारो पत्रं फुकट आहेत. ज्या गावी निघालात तिथून लिहिलेलं एक पत्र शोधा, छापून घ्या आणि तिथे उभं राहून वाचा. पाच मिनिटं लागतात.

पायरी 9: संक्रांतीला ॲनॅपोलिस

हिवाळ्यासाठी एक जागा राखून ठेवा. ॲनॅपोलिसमधलं मेरीलँडचं स्टेट हाउस, म्हणजे राज्याचं विधानभवन, बघायला पैसे पडत नाहीत, मोठ्यांनी फोटो असलेलं ओळखपत्र न्यायचं. त्यातल्या जुन्या सिनेट सभागृहात 23 डिसेंबर 1783 ला वॉशिंग्टनने सेनापतीपद सोडलं. युद्ध जिंकलेला सेनापती खिशातून कागद काढून वाचतो आणि अधिकार परत देऊन घरी जातो. तो जिथे उभा होता तिथे आज त्याचा पूर्णाकृती पुतळा आहे. वर सज्जात अजून एक पुतळा दिसेल, मॉली रिडाउटचा. बायकांना खाली यायला परवानगी नव्हती, म्हणून ती वरून बघत होती. मी दर वेळी आधी वर बघते.

याच खोलीत 14 जानेवारी 1784 ला इंग्लंडबरोबरच्या तहाला मंजुरी मिळाली. तारीख बघितलीत? पानिपतानंतर बरोबर 23 वर्षांनी. मी दोनदा त्या तारखेला गेले आहे. बाहेर कडक थंडी, आत आमच्याशिवाय एक म्हातारं जोडपं. धाकट्याने वही उघडून दोन्ही कप्पे भरले, आणि मग विचारलं, "आई, मॉलीला वरून त्याचा चेहरा दिसत असेल, की नुसतं डोकं?"